गाडी तीच, की दुसरी?

जोगेश्वरी पूर्वेला आमच्या गल्लीच्या टोकाला गेली काही वर्षं ताडपत्रीखाली एक जीप उभी आहे. महिंद्राची सीजे-3बी, उंच बॉनेटची. आजोबांनी ती 1970च्या दशकात वापरलेली विकत घेतली, मागची आसनं काढून तिथे लाकडी हौदा बसवून घेतला आणि आसपासच्या सुतारांकडून कपाटं, पलंग, टेबलं उचलून घरोघर पोहोचवायचा धंदा केला. बाबांचं शिक्षण त्या हौद्यावर झालं. माझं इंजिनिअरिंग बाबांच्या पगारावर झालं, म्हणजे लांबून का होईना, तेही त्याच हौद्यावर.

निवृत्त झाल्यावर बाबांनी एकच गोष्ट बोलून दाखवली. ही जीप चालवत एकदा चिपळूणजवळच्या आमच्या गावी जायचं. जोवर गुडघे क्लच दाबू शकतात, तोवर.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी गाडी वर उचलून खालून बॅटरी मारली आणि मान हलवली. चासीच्या दोन लांब पट्ट्यांपैकी एक मागच्या बाजूला गंजून पापुद्र्यांसारखी सुटत होती. मुंबईचे पावसाळे आणि खारी हवा. बॉडी मात्र, पत्रा जाड असल्यामुळे, बरीच शाबूत होती. त्यांनी उपाय सुचवला. अपघातात बॉडी गेलेली एक बोलेरो त्यांच्या ओळखीत होती. तिची चासी, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक घ्यायचे आणि वर आजोबांच्या जीपची बॉडी बसवायची. पुढून पाहणाऱ्याला जीपच दिसेल. खाली सगळं आजचं असेल.

असे प्रयोग जगात भरपूर होतात. अमेरिकेत 1950च्या आसपासच्या शेवरले पिकअपची बॉडी एस-10 या अलीकडच्या पिकअपच्या चासीवर चढवणं हा तर हौशी लोकांचा ठरलेला उद्योग आहे. हे जमतं, कारण अशा गाड्यांत बॉडी आणि चासी वेगळ्या असतात. खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा आणि वर रबरी गुट्ट्यांवर बोल्टांनी आवळलेली बॉडी. आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं हे करता येत नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. जीप मात्र कपड्यासारखी बॉडी उतरवू शकते.

मी संध्याकाळी आकडे मांडले. सीजे-3बीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 80 इंच, म्हणजे 2032 मिलिमीटर. बोलेरोचं 2680. फरक 648 मिलिमीटर, दोन फुटांहून जास्त. एक तर चासी मधून कापून जोडायची, म्हणजे जिथे सगळा भार येतो तिथेच वेल्डिंगचा सांधा. नाही तर हौदा लांबवायचा. हौदा लांबवता येईल, असं माझं उत्तर आलं. स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, बॉडीच्या गुट्ट्यांच्या जागा, सगळं अवघड होतं, पण अशक्य काहीच नव्हतं. बाबा माझ्या खांद्यावरून कागद पाहत होते. खूप दिवसांनी ते खुशीत दिसले.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना कागदपत्रांचं विचारलं. ते सहज म्हणाले, “नंबर का टुकडा काटके नये चासी पे बिठा देंगे. गाडी वही रहेगी.”

गाडी वही रहेगी. त्या एका वाक्याशी मी पुढचे दोन महिने भांडत होतो.

हा प्रश्न जुना आहे. थिसिअसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली, तर ते जहाज तेच का, असा वाद प्लुटार्कने नोंदवून ठेवला आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच पुन्हा जहाज बांधलं, तर दोघांपैकी खरं कोणतं? आमच्या गॅरेजात हे कोडं अक्षरशः उभं राहणार होतं: एका कोपऱ्यात बोलेरोवर बसलेला आजोबांचा चेहरा, दुसऱ्या कोपऱ्यात गंजलेली, पण आजोबांचाच नंबर कोरलेली चासी.

आपल्याकडे याहून जवळचं उदाहरण आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाबद्दल विचारतो. दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? की रथपंजर, म्हणजे आपण ज्याला बॉडी म्हणतो ते? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? या सगळ्यांच्या जोडणीला व्यवहारात दिलेलं ते नाव आहे, इथवर राजा येऊन पोहोचतो. नागसेनाला माणसाबद्दलही हेच म्हणायचं असतं.

वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. ‘तीच गाडी’ असं आत काही नसेलच, तर नंबर कुठे बसवला याने काय बिघडतं? पण नाव हा व्यवहार आहे, एवढं मान्य केलं की पुढचा प्रश्न येतोच: व्यवहार कोणाकोणात?

एसटीचं पाहा. काही वर्षांपूर्वी महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत जुन्या गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या उतरवून त्याच चासींवर माइल्ड स्टीलच्या बॉड्या बांधल्या. स्टँडवरचा प्रवासी म्हणतो, नवी गाडी आली. कागद म्हणतो, जुनीच आहे. आमचं नेमकं उलट होणार होतं. गल्लीतले म्हणणार, जुनी जीप सुरू झाली. लोखंड म्हणणार, ही बोलेरो आहे. डोळे बॉडी ओळखतात आणि कायदा चासी ओळखतो. दोघंही चुकत नाहीत, कारण दोघांचं काम वेगळं आहे. बाबांना आठवण हवी आहे, तिला चेहरा पुरतो. पण उद्या घाटात या गाडीने कोणाला ठोकलं, तर त्या माणसाला आमच्या आठवणीशी काय देणंघेणं? त्याला हवं असतं उत्तर देणारं कोणी तरी. ही गाडी कोणी बनवली, तिचे ब्रेक कोणत्या वजनासाठी होते, ती कोणी आणि कधी बदलली? चासीवरचा नंबर म्हणजे हे प्रश्न पाठवायचा पत्ता. तो कापून दुसरीकडे डकवणं म्हणजे दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावणं.

आणि हा प्रश्न नुसता कागदाचा नाही. सीजे-3बीची बॉडी ज्या वेगासाठी घडली, त्याच्या कितीतरी पुढे बोलेरोचं इंजिन तिला सहज नेईल. बाजूने उघडी, सीटबेल्ट अडकवायला धड जागा नसलेली ती बॉडी त्या वेगात कोणाला वाचवणार?

कायदा इथे कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी सांगितलं की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून नोंदणीतले तपशील वेगळे होतील असा बदल गाडीत करता येणार नाही. सीएनजी किटसारख्या किंवा अपंग चालकासाठीच्या बदलांना मार्ग आहे. आमच्या बेताला नाही. 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळते. पण तिथेही चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको.

हे ऐकून बाबा चिडले. “मूळ, मूळ काय लावलंय? तुझ्या आजोबांनी घेतल्या घेतल्या तिचा मागचा भाग कापला होता!”

ते खरंच होतं. मूळ म्हणून आम्ही जे जपत होतो, तोच एक फेरफार होता. मी लोखंडी पेटीतून जुनं आरसी बुक काढलं. आजची प्लॅस्टिकची नव्हे. तेव्हाची, खरोखर पुस्तकासारखी. त्यात एका पानावर शाईने बदलाची नोंद होती, खाली शिक्का आणि सही. आजोबांनी गाडी कापली होती, आणि जाऊन तसं सांगितलंही होतं.

मला माझं ऑफिस आठवलं. आमच्या गटाने एकदा एका ग्राहकाची पंधरा वर्षं जुनी यंत्रणा मागून पूर्ण बदलली आणि समोरचा पडदा हुबेहूब तोच ठेवला. कोणाच्या लक्षातही आलं नाही, याचा आम्हाला अभिमान होता. काही आठवड्यांनी एक हिशेब चुकला. समोर बसणारे कर्मचारी जुन्या यंत्रणेतली चूक शोधत दोन दिवस राबले, कारण बदल झालाय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दोन दिवसांत आम्ही फसवणूक करत होतो, असं तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं.

बदलाबद्दल माझी तक्रार नाही. शरीर बदलतं, घरं बदलतात, आमच्याच चाळीच्या जागी टॉवर उभा राहायची बोलणी चालू आहेत. मला वाटतं, बदललेल्या वस्तूला जुनं नाव देता येतं. फक्त ज्याला त्या नावावर विसंबून रस्ता ओलांडायचा आहे, त्याच्यापासून बदल लपवता येत नाही. जिथे नोंद करायची सोयच नाही, तिथे आपल्या प्रेमाची किंमत अनोळखी माणसाच्या जिवावर टाकता येत नाही.

हे बोलायला सोपं होतं. बाबांचे गुडघे माझ्या तर्काची वाट पाहत थांबणार नव्हते. मी नाही म्हणालो, आणि त्याचं मोल त्यांनी दिलं.

मिस्त्रींनी शेवटी जुन्याच चासीचा गंजलेला भाग कापून तिथे तेवढ्याच जाडीची पट्टी जोडली. नंबर जिथे होता तिथेच आहे. रविवारी पहाटे बाबा आरेच्या रस्त्याने एक फेरी मारून येतात, तिसाच्या वर जात नाहीत. कशेडी आणि परशुराम घाट तिला झेपणार नाहीत, हे त्यांनाही कळतं. गावी आम्ही रेल्वेने गेलो. परतताना रत्नागिरीकडून आलेल्या गाडीत खिडकीशी बसून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ती पट्टी बसवलीस, तिची तरी नोंद केलीस का कुठे?”

केली नव्हती. घरी आल्यावर मी जुन्या आरसी बुकाच्या मागे एक कोरा कागद लावला. त्यावर तारीख, पट्टीची जाडी आणि लांबी लिहिली. बाबांनी खाली सही केली.