वाघ्या येण्याआधी मनीला विचार

सोनू,

तुझ्या आईकडून कळलं की पार्किंगमध्ये व्यालेल्या त्या तांबड्या कुत्रीचं एक पिल्लू तू घरी आणायचं ठरवलंयस, त्याचं नाव वाघ्या ठेवून मोकळीही झालीस, आणि येत्या रविवारी त्याची आणि मनी मांजरीची गाठ घालून द्यायचा बेत आहे. हजारो रुपये मोजून पिल्लू विकत न आणता दारातलंच उचललंस, हे मला फार आवडलं (आजोबा असते तर त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं असतं). तुझ्या मायेबद्दल मला काडीची शंका नाही गं. मला धास्ती आहे ती फक्त त्या रविवारची.

आधी एक सांग, पिल्लू किती आठवड्यांचं झालं? आठ आठवडे पुरे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नकोस. भावंडांशी मस्ती करताना एकाने जोरात दात लावले की दुसरं कुईं करून खेळच थांबवतं, आणि दात किती लावायचा हे पिल्लू तिथे शिकतं. पुढे त्याचा फायदा मनीच्या पाठीलाच व्हायचा आहे. पण फार उशीरही नको. साधारण तीन महिन्यांपर्यंत जे जे दिसेल ते आपल्या जगातलं म्हणून पिल्लू पटकन स्वीकारतं, मांजरसुद्धा. तेव्हा रोज जाऊन त्याच्या आईला भाकरी-दूध घाल, पिल्लाला हाताळ, आणि दिवस भरू देत.

आता मनीचं. ती दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, तुझ्या पोटरीला गाल घासते ना, ते नुसतं लाडात येणं नव्हे. गालाचा वास लावून ती घरावर आपली खूण ठेवत असते. रात्रीच्या गाडीत पथारी पसरून बसलेल्या प्रवाशाच्या उशाशी एखाद्या दांडग्या पोराने अचानक येऊन धपकन बसावं, तसं वाघ्याचं येणं तिला वाटणार. म्हणून आधी वास जाऊ दे, मग अंग. वाघ्याला पहिले काही दिवस आतल्या खोलीत ठेव. माझ्या लुगड्याचा एक तुकडा त्याच्या अंगाखाली, एक मनीच्या, आणि एक-दोन दिवसांनी अदलाबदल कर. मनीने तो हुंगून पाठ फिरवली तर उत्तम. फिस्कारली तर तुकडा लांब सरकव, पण तिच्यावर ओरडू नकोस. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं मांड, आधी दारापासून चार हात लांब आणि रोज थोडं जवळ. दोघंही निवांत जेवू लागली की दार बोटभर उघडायचं. किती दिवस लागतील म्हणून विचारशील, तर ते मनी ठरवेल. कुठे आठवड्यात भागतं, कुठे दोन-तीन महिने जातात.

तुझ्या मामाने एक वाचून दाखवलं. तेल अवीव विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कुत्रं-मांजर एकत्र राहणाऱ्या घरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. बहुतेक घरांत दोघांचं बरं जमतं, लहान वयात ओळख झाली आणि मांजर घरात आधीपासून असलं तर अधिक बरं जमतं, असं त्यात निघालं. वाघ्या लहान आहे आणि मनी आधीची आहे, म्हणजे दोन गोष्टी तुझ्या बाजूने. पण मनी आता पोक्त झाली आहे, तिला वेळ लागणारच. आणि त्यांची बोली वेगळी. कुत्रं खुशीत शेपूट हलवतं, तर मांजर शेपूट आपटू लागलं की ते वैतागलेलं असतं.

प्रत्यक्ष गाठ सकाळीच घाल. (हो, त्यासाठी उठावं लागेल, पांघरुणातून फोनकडे बघत नव्हे.) पिल्लाला जाग आल्या आल्या शू लागते, तेव्हा तुझी झोप तशीही मोडणारच. त्याला आधी गच्चीवर ने, खेळव, दमव, पोटभर खायला घाल. आणि डोळ्यांवर पेंग आली की पट्टा बांधून त्याच्याजवळ जमिनीवर बस. मनीला उचलून त्याच्यासमोर धरू नकोस. उचललेलं मांजर अडकल्यासारखं होतं, आणि तिची नखं पिल्लाच्या डोळ्यालाही लागतात. ती तिच्या पायांनी येईल किंवा येणार नाही. वाघ्याने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा तुझ्याकडे मान वळवली की त्याच्या तोंडात खाऊचा बारीक तुकडा घाल. पाच मिनिटं पुरे. रंगात आलेलं आहे तोवरच उठायचं, ही गोष्ट तुला पत्ते खेळतानाही कधी जमली नाही! पट्टा सोडायची घाई करू नकोस, कारण मांजरामागे एकदा मनसोक्त धावायला मिळालं की पिल्लाला त्याची चटक लागते, आणि ती मोडायला सगळ्यात जास्त दिवस जातात. तू घरात नसताना दोघं वेगळ्या खोल्यांतच राहू देत, जमलंय असं वाटलं तरीही काही महिने.

यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही. कपाटावरच्या बॅगा काढून मनीला वर बसायला जागा कर आणि चढायला मध्ये एक स्टूल ठेव. तिचं खाणं उंचावर, आणि वाळूचा ट्रे वाघ्याचं तोंड पोचणार नाही अशा जागी. पिल्लांना त्यातलं खायची घाण सवय असते, आता काय बोलावं. कुत्र्याचं तयार खाणं मनीला रोजचं म्हणून मात्र घालू नकोस, मांजराला लागणारं टॉरिन त्यात पुरेसं असेलच असं नाही आणि त्यावाचून हृदय आणि डोळे बिघडतात. मनीने रागाने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर ‘बसू दे रुसून’ म्हणू नकोस, डॉक्टरांना फोन कर. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही मांजराच्या यकृतावर येतं.

पैसा लागेल तो लसींना, तिथे हात आखडू नकोस. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांचं असताना, मग तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. मनीचीही रेबीजची लस राहिली असेल तर त्याच फेरीत उरक. वाघ्याच्या लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावरची घाण हुंगू देऊ नकोस.

आणि हे आईलाही वाचून दाखव. कुत्र्याच्या गोचिडांवर मानेवर सोडायचे थेंब मिळतात, त्यांतल्या काहींत पर्मेथ्रिन असतं. ते कुत्र्याला चालतं, मांजराला विष आहे. घरात मांजर आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग. त्यातूनही तसं औषध घरात आलंच, तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘मनीला नाही’ असं लिहून ठेव.

विकतची गादी घेऊ नकोस, दात येताना वाघ्या ती फाडणारच. पुढच्या आठवड्यात मामा गाडीने पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर जुन्या लुगड्यांचं बोचकं धाडते. पिल्लाचं वय नीट मोजून कळव.

तुझी,
आजी