कळणे, वळणे आणि चांगले जगणे

माणसाने कसे जगावे, हा प्रश्न सॉक्रेटिस अथेन्समध्ये भेटेल त्याला विचारी. त्याचे स्वतःचे मत कडक होते: जाणूनबुजून कोणी वाईट वागत नाही, वाईट वागणारा अज्ञानी असतो. रायपूरला शिकलेले आणि १९२६ मध्ये तिथेच निधन पावलेले माधवराव सप्रे मराठी घरातले, पण लिहीत हिंदीत. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ (१९०१) ही कथा नकळत याच मताने चालते. जमीनदाराने बळकावलेल्या झोपडीतली टोपलीभर माती विधवा मागते. नात जेवेना, म्हणून त्या मातीची चूल घालायची असते. टोपली उचलायला ती त्यालाच हात लावायला सांगते. त्याला टोपली हलवता येत नाही. एवढीशी माती पेलत नाही, मग साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार, असे ती म्हणताच तो वरमतो आणि झोपडी परत करतो. कळले आणि लगेच वळले.

ॲरिस्टॉटलला हे इतके सोपे वाटले नसते. कळते पण वळत नाही, हा रोजचा अनुभव सॉक्रेटिसाच्या मतात बसत नाही, हा त्याचा आक्षेप. वाद्य वाजवता वाजवता वादक घडतो, तसे न्यायाने वागता वागता माणूस न्यायी होतो. धैर्य भ्याडपणा आणि अविचारी साहस यांच्या मधले खरे, पण तो मध्य मोजपट्टीने काढता येत नाही. प्रसंग पाहून विवेकाने ठरतो. सुख म्हणजे सद्गुणाला धरून आयुष्यभर चाललेला व्यवहार, आणि त्याला मित्र, थोडी संपत्ती, बरे नशीबही लागते. स्टोइकांना सद्गुणाखेरीज यातले काहीच आवश्यक वाटले नाही. एपिक्युरस राजकारणापासून दूर, मित्रांसह बागेत रमला. मात्र ॲरिस्टॉटलच्या सुखी नागरिकाची फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती आणि त्याने गुलामगिरीचे समर्थनच केले, हे विसरता येत नाही.

त्याच्या विचारात आणखी एक ताण आहे. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या शेवटी तो चिंतनमग्न ज्ञान्याचे जीवन सर्वांत सुखाचे ठरवतो; ‘राज्यशास्त्रा’त मात्र निष्क्रियता कर्माहून श्रेष्ठ मानणे चूक, कारण सुख ही क्रियाच आहे, असे सांगतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापलेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी संन्यास व कर्मयोगाच्या प्रकरणात नेमकी ही दोन्ही मते उद्धृत केली. कर्मयोग्याला दुसरे मत जवळचे वाटावे, हे ओघानेच आले. पुढे सप्र्यांचा हिंदी अनुवाद निघाला आणि ही चर्चा मराठीबाहेर गेली.

तरी दोघांचे कर्म एक नाही. ॲरिस्टॉटलचा माणूस सत्कर्मातच आपले सुख शोधतो. टिळकांचा कर्मयोगी लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या हितासाठी, कर्म करतो, आणि त्यातून सुख मिळो वा दुःख, त्याची बुद्धी सम राहावी लागते.