छंद आणि पहिली मिळकत

बाल्य संपून गृहस्थाश्रमाची जबाबदारी अंगावर येण्यापूर्वी मनुष्याच्या आयुष्यात जी पाच-सात वर्षे येतात, त्यांकडे आजचा गृहस्थ बहुधा परीक्षांची वर्षे म्हणूनच पाहतो. दहावी कधी, बारावी कधी, पुढील प्रवेश कोठे, याच हिशेबात ती सरतात. तथापि याच वर्षांत आणखी दोन घटना शांतपणे घडत असतात. कोणी न सांगता मुलाचे मन एखाद्या विषयात रमू लागते, आणि कोठेतरी, केव्हातरी, त्याच्या हातावर स्वतःच्या श्रमाचे पहिले पैसे पडतात. पहिलीला छंद म्हणतात, दुसरीला मिळकत. या दोहोंची एकमेकींशी गाठ कशी पडते, यावर त्या मुलाची कर्माविषयीची जन्मभराची समजूत पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून हा विषय वरवर घरगुती वाटला, तरी वस्तुतः तो कर्मविचाराचाच एक भाग होय.

सोळा वर्षांच्या कोणत्याही मुलाचे उदाहरण घ्यावे. कोणी बुद्धिबळाचा पट मांडून तासन्‌तास बसतो, कोणी तबल्याचा एकच कायदा घरच्यांना कंटाळा येईपर्यंत घोटतो, कोणी गच्चीवर उभा राहून पक्षी न्याहाळतो, तर कोणी मोबाईलवर छायाचित्रे टिपून लहानसे चित्रपट जुळवतो. यांपैकी कोणालाही त्याबद्दल कोणी वेतन देत नाही. मग उन्हाळ्याची सुटी लागते आणि तोच मुलगा मामांच्या कापडाच्या दुकानात मदतीला जातो. पहिल्या दिवशी सायंकाळी त्याचे पाय दुखतात. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक वीस तागे उलगडायला लावते आणि काही न घेता निघून जाते. ते वीस तागे पुन्हा घडी घालून ठेवावे लागतात. आणि पुढच्या गिऱ्हाइकापुढे तोंड पाडून चालत नाही. श्रम एकाच्या हाती आहेत, फळ मात्र सर्वस्वी त्याच्या हाती नाही, ही गोष्ट प्रवचनात शंभर वेळा ऐकूनही जी उमगत नाही, ती त्या वीस ताग्यांपाशी उमगू लागते.

या प्रसंगी घरातील वडीलधाऱ्यांचे दोन पक्ष दिसतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, छंद म्हणजे वेळेचा अपव्यय. ज्यातून गुण मिळत नाहीत व पैसाही मिळत नाही, ते सोडून द्यावे. दुसरा पक्ष अधिक उदार दिसतो. तो म्हणतो, “मुलगा इतकी सुरेख चित्रे काढतो, तर ती विकावी, छंदाचे उत्पन्न व्हावे.” पहिला पक्ष छंदाला हाकलतो, दुसरा त्याला लगेच कामाला जुंपतो. दिसण्यात हे परस्परविरुद्ध आहेत, पण दोघांची चूक एकच आहे. कर्माची किंमत केवळ त्याच्या फळावरून ठरवावयाची, हे दोघांनीही न बोलता गृहीत धरलेले असते.

फळाच्या अटीमुळे कर्मातील गोडी कशी जाते, याचा एक बोलका प्रयोग अमेरिकेतील लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली प्रसिद्ध केला. बालवाडीतील ज्या मुलांना चित्रे काढण्याची आवड होती, त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले की, चित्र काढल्यास बक्षीस मिळेल. दुसऱ्याला काही न सांगता शेवटी तेच बक्षीस दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मुलांना मोकळे सोडून पाहिले, तेव्हा बक्षिसाचा करार करून चित्र काढणाऱ्या मुलांचा चित्रांत जाणारा वेळ इतरांच्या मानाने सुमारे निम्म्यावर आला होता. अकस्मात बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. बक्षीस दोन्ही गटांना मिळाले; हानी मात्र ज्यांनी त्याच्यासाठी काम केले त्यांचीच झाली. अर्थात अपाय फळाने केला नाही; फळ हाच हेतू होऊन बसल्याने केला.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्माचा अधिकार आणि फळाची आसक्ती यांत जो भेद केला आहे, त्याचे हे लहान मुलांच्या जगातील प्रत्यंतर म्हणावे लागेल. परंतु येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. फळाची आसक्ती नको, तर मग वेतन घेणे हेच हीन कर्म ठरते काय? मुलाने दुकानात महिनाभर काम करावे आणि पैशाचे नावही काढू नये, असा याचा अर्थ होतो काय?

असा अर्थ मुळीच होत नाही. फळाचा त्याग आणि फळाच्या आसक्तीचा त्याग, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेतकरी पेरतो तो पीक यावे म्हणूनच. पीक आल्यावर तो ते शेतात सोडून देत नाही. मात्र पाऊस हुलकावणी देईल की काय, या चिंतेने तो नांगरट अर्धवट टाकीत नाही. कामाचे मोल घेणे हा श्रमाचा न्याय्य हक्क आहे. ते मोल मिळो वा न मिळो, हातातील काम चोख करणे हा कर्त्याचा धर्म आहे. एक गोष्ट व्यवहारातील, दुसरी अंतःकरणातील.

या दोहोंची गल्लत झाली की अनर्थ होतो. कित्येक ठिकाणी किशोरवयीन मुलाकडून महिनाभर राबवून घेतले जाते आणि मोबदल्याचा विषय निघताच “या वयात शिकायला मिळाले हेच पुष्कळ, फळाकडे पाहू नये” असा उपदेश होतो. हा निष्काम कर्माचा उपदेश नव्हे. हा त्या थोर विचाराचा दुरुपयोग आहे. आसक्ती सोडावयाची ती ज्याची त्याने स्वतः. दुसऱ्याच्या वतीने ती सोडता येत नाही. आणि ज्याच्या गल्ल्यात ते पैसे शिल्लक राहणार, त्याने तर ती गोष्ट तोंडातूनही काढू नये. निष्कामतेचा पाठ मुलाला द्यावयाचाच असेल, तर ठरलेला मोबदला ठरल्या दिवशी पूर्ण देऊन मग द्यावा.

श्रमाला वयाची मर्यादाही आहे. इंग्लंडचे प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांना 1824 साली, वडील कर्जात बुडाल्यामुळे, बाराव्या वर्षी बुटांच्या पॉलिशच्या एका वखारीत डब्यांवर कागद चिकटवण्याचे काम करावे लागले. पुढे अपार कीर्ती मिळूनही ती जखम भरली नाही. त्यांच्या लेखनात निराधार मुले वारंवार येतात, ती उगीच नव्हे. काम मुलाला घडवते हे खरे, पण शाळा तोडून, असहायतेतून लादलेले काम त्याला मोडते, हेही तितकेच खरे. भारतीय कायद्याने ही मर्यादा स्पष्ट केली आहे. 1986 च्या अधिनियमात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास नोकरीस ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत घरच्या धोका नसलेल्या व्यवसायात हातभार लावण्यास, तसेच काही अटींवर कलाक्षेत्रातील कामास, तेवढी मोकळीक आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि घातक प्रक्रिया यांपासून दूर ठेवले आहे. सलग तीन तासांच्या कामानंतर एक तास विश्रांती द्यावी आणि सायंकाळी सातनंतर सकाळी आठपर्यंत त्यांना कामास लावू नये, असाही नियम आहे. आप्ताच्या दुकानात मुलाला पाठवणाऱ्या गृहस्थाने एवढे जाणून असावे.

आता छंदाकडे वळावे. प्रत्येक छंद सारखाच हितकर असतो असे मात्र नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आरंभी कष्टप्रद पण परिणामी कल्याणकारी ते सात्त्विक; आरंभी गोड पण शेवटी बाधणारे ते राजस; आणि आदी-अंती मनाला गुंगीत ठेवणारे ते तामस. मुलाच्या छंदाची परीक्षा याच कसोटीवर करता येते. तबला शिकणाऱ्याची बोटे पहिले सहा महिने दुखतात आणि बोल मात्र उमटत नाही. मोबाईलवरील खेळात पहिल्या मिनिटापासून आनंद असतो, आणि दोन तासांनी एक प्रकारचा थकवा व चिडचिड उरते. तथापि दोष साधनाचा नव्हे. त्याच मोबाईलवर एखादी मुलगी पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह करते, एखादा मुलगा स्वतः नवा खेळ रचू पाहतो. काल न येणारी गोष्ट आज येऊ लागली काय, आणि हाक मारली असता मुलाला ती बाजूस ठेवून उठता येते काय, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे उत्तर बहुधा सापडते.

छंद आणि चरितार्थ यांची ओढाताण किती तीव्र असू शकते, हे थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रात दिसते. गणिताच्या ध्यासात इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कुंभकोणमच्या महाविद्यालयातील त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढील काही वर्षे हालअपेष्टांत गेल्यावर 1912 साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांची कारकुनी मिळाली. ती नोकरी त्यांच्या प्रतिभेला शोभणारी नव्हती, असे कोणीही म्हणेल. परंतु त्याच कारकुनीने पोटाची चिंता हलकी केली, तेथेच त्यांची योग्यता ओळखणारे वरिष्ठ भेटले, आणि 1913 च्या जानेवारीत केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना त्यांचे ते प्रसिद्ध पत्र गेले. साधे, प्रामाणिक काम हे छंदाचे शत्रू असतेच असे नाही. कित्येकदा ते त्याचे कुंपण असते.

वडीलधाऱ्यांनी काय करावे, याचा धडा पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या बालपणात आहे. मुंबईत लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसल्याने त्यांना कुतूहल वाटले. ज्या मामांनी त्यांना वाढवले, त्यांनी तो प्रश्न झटकून न टाकता भाच्याला ओळखपत्र देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सचिवांकडे, मिलर्ड यांच्याकडे, पाठवले. त्या सद्‌गृहस्थांनीही मुलाला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. मामांना स्वतःला पक्षिशास्त्र येत असण्याची गरज नव्हती. प्रश्न योग्य माणसापर्यंत पोचवणे पुरेसे ठरले. पुढे सलीम अलींनीही ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात काही वर्षे घालवली, आणि 1941 साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला.

पहिल्या मिळकतीचा निर्मळ आनंद कसा असतो, हे माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरम्‌ला आगगाडी थांबेनाशी झाली आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून टाकले जाऊ लागले. ते गोळा करण्यास नात्यातील भावाला मदतनीस हवा होता. ते काम या बालकाने केले. अर्धशतक लोटल्यावरही त्या पहिल्या कमाईचा अभिमान त्यांच्या मनात ताजा होता. ती रक्कम मोठी असण्याचे कारणच नव्हते. आपल्या श्रमाची कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव मोठी होती.

येथे घरातील मुलीचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. मुलगा सुटीत महिनाभर दुकानात बसला तर त्याचे कौतुक होते. त्याच वयाची बहीण वर्षभर पोळ्या लाटते, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेते, आजीच्या औषधांच्या वेळा सांभाळते. तिच्या या श्रमांना कोणी काम म्हणत नाही. परीक्षा जवळ आली की प्रथम बंद होतो तो बहुधा तिचाच गाण्याचा वर्ग. घरकाम हे पवित्र कर्म आहे, असे म्हणणाऱ्या गृहस्थाने ते पावित्र्य मुलाच्याही वाट्यास येऊ द्यावे. दोघांनी घरकाम वाटून घेतले, तर दोघांच्याही छंदाला तास-दीड तास सहज उरतो.

आता राहिला त्या पहिल्या पैशांचा विनियोग. ते देवापुढे ठेवून मग आईच्या हाती द्यावेत, ही पुष्कळ घरांतील रीत सुंदर आहे. मिळालेले सर्वस्वी आपलेच नाही, हा भाव त्यात आहे. मात्र आईने ते सगळेच कपाटात ठेवू नयेत. काही भाग परत देऊन त्याचा निर्णय मुलावर सोपवावा. त्यातून तो आजोबांना चष्म्याचे घर आणील, रंगाच्या नळ्या घेईल, किंवा व्यर्थ खर्च करून चार दिवस हळहळेल. ती हळहळही मोलाची आहे, कारण स्वतःच्या श्रमाचे पैसे कसे गेले हे त्याने स्वतः पाहिलेले असते. एखादा छंद पुढे व्यवसाय होऊ पाहील, तर त्यास अडवू नये. पण घाईही करू नये. निदान काही चित्रे अशी राहू द्यावीत, जी विकण्यासाठी काढलेली नाहीत.

छंदामुळे मुलाला कर्मातील आनंद कळतो, पण दुसऱ्याची गरज कळेलच असे नाही. नोकरीमुळे दुसऱ्याची गरज कळते, पण आनंद हरवण्याचा धोका असतो. ज्याला या दोन्ही गोष्टी लहान वयात भेटल्या, तो पुढे कारकून होवो, कारागीर होवो की वैज्ञानिक होवो, दुकानातील विसावा तागाही पहिल्याइतक्याच काळजीने घडी घालील आणि सायंकाळी घरी येऊन तबल्यावर बसेल. त्याच्या हाताला ही सवय लागावी एवढी तजवीज करणे गृहस्थाच्या हाती आहे. पुढचे फळ त्याच्याही हाती नाही. आणि मुलांच्या बाबतीत ही आसक्ती सोडणे हीच बहुधा आईबापांची सर्वांत कठीण साधना होय.