कोरी जागा

गेल्या उन्हाळ्यात मामानं गावातल्या पोरांना घेऊन २३ विहिरींत दोरी सोडली, पाणी किती खोल आहे ते मोजलं आणि आकडे मला व्हॉट्सअॅपवर पाठवले. मला त्या २३ ठिपक्यांवरून अख्ख्या शिवाराचा नकाशा करायचा होता. जिथे मोजलेलं नाही तिथे किती असेल, याचा अंदाज आजूबाजूच्या आकड्यांवरून बांधायचा. याला इंटरपोलेशन म्हणतात. त्यातली क्रिगिंग ही पद्धत डॅनी क्रिग या खाण अभियंत्याच्या नावावरून ओळखली जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत मोजक्या नमुन्यांवरून सोनं किती असेल हे त्याला ठरवायचं होतं.

क्यूजीआयएस फुकट, क्रिगिंगचं प्लगइनही फुकट. पण प्लगइनला पायक्रिग हवं, पायक्रिगला सायपाय, सायपायला नमपाय. विंडोजवर क्यूजीआयएस स्वतःचं वेगळं पायथन घेऊन येतं, हे विसरून मी सगळं भलत्याच पायथनमध्ये बसवलं. मग योग्य ठिकाणी बसवलं, तर सोबत नमपायची नवी आवृत्ती आली आणि आधी नीट चालणारं जीडॅल बंद पडलं. २०२४ च्या जूनमध्ये नमपाय २ आलं, तेव्हापासून जुन्या नमपायवर बांधलेल्या अनेक गोष्टी त्याच्यासोबत चालत नाहीत. 'नमपाय २ च्या खालचंच हवं' असं बजावलं, तर पिपनं सरळ हात वर केले: या सगळ्या अटी एकत्र पाळता येत नाहीत.

मी वैतागलो. रात्री दोनपर्यंत एकेका लायब्ररीची आवृत्ती खाली आणत गेलो. शेवटी नकाशा उमटला. निळा, हिरवा, पिवळा. इतका सुंदर की लगेच मामाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी मामाच्या शेजारच्या अण्णांचा फोन. "तुझ्या नकाशात माझ्या रानावर निळं दिसतंय. मग तिथंच बोअर घेऊ ना? सोसायटीचं कर्ज मिळतंय."

अण्णांच्या रानात आम्ही काहीच मोजलं नव्हतं. सगळ्यात जवळची मोजलेली विहीर दोन किलोमीटरवर. आणि आपला दगड बेसाल्ट. त्यात पाणी भेगांमधून आणि थरांमधून फिरतं. एका विहिरीला भरपूर पाणी आणि बांधापलीकडची कोरडी, हे गावात कुणालाही माहीत असतं. माझ्या नकाशाला माहीत नव्हतं. पातळी हळूहळू बदलते असं धरून त्यानं रंग भरला होता.

तेव्हा पिपची आठवण झाली. २०२० च्या अखेरीस आलेल्या २०.३ आवृत्तीआधी पिप एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टीही बसवून टाकायचं. तुम्हाला वाटायचं, झालं काम. नंतर कधीतरी प्रोग्रॅम भलतीकडेच कोसळायचा. आता ते आधीच थांबतं. ज्या नकारावर मी रात्रभर चिडलो होतो, तो माझ्या भल्याचा होता. आणि त्याच्याशी भांडून मी जे बनवलं, ते कधीच नाही म्हणत नव्हतं.

खरं तर क्रिगिंग प्रत्येक जागी अंदाजासोबत तो किती कच्चा आहे हेही सांगतं. तो दुसरा थर मी उघडलाच नव्हता. उघडला, तर अण्णांच्या रानावर अनिश्चितता सगळ्यात जास्त.

आमच्या क्षेत्रात डिपेंडन्सीची यादी नेहमी एकाच दिशेनं वाचतात: माझा कोड कुणावर अवलंबून आहे. माझ्यावर कोण अवलंबून आहे, याची यादी कुणी लिहीत नाही. पायक्रिग लिहिणाऱ्यांना मी माहीत नाही, तसे नकाशा करताना अण्णा माझ्या मनात नव्हते. मग मी त्यांना काही देणं लागतो का? ओपन सोर्सचे बहुतेक परवाने म्हणतात, जसं आहे तसं घ्या, हमी नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यासाठी ते मला रास्त वाटतं. तो फुकट देतो, आणि ती वाक्यं मी वाचू शकतो. अण्णांना मी फक्त रंग दिला होता.

मी अण्णांना फोन करून सांगितलं, "तिथलं मला माहीत नाही." ते जरा गप्प झाले. म्हणाले, "मग निळं कशाला केलंस?"

नकाशा पुन्हा केला. विहिरींपासून लांबचा भाग आता कोरा आहे. मामाला तो अर्धवट वाटतो. अण्णांनी अजून बोअर घेतलेली नाही. तिथे पाणी लागलंही असतं, हे मला अधूनमधून छळतं.