राजधर्म आणि अपत्यसंगोपन

अपत्याचे पालनपोषण ही प्रथम कुटुंबाची जबाबदारी, असे बहुतेक धर्मपरंपरांनी गृहीत धरले असल्यामुळे, राज्यसंस्थेचा वाटा कोठून सुरू होतो हा प्रश्न आपल्याकडे मुख्यतः राजधर्माच्या, म्हणजे राजाच्या कर्तव्यांच्या, विवेचनात आणि तेथेही बऱ्याचदा धनाच्या संदर्भात उपस्थित झालेला दिसतो. बालकाला वारशाने मिळालेले धन, तो गुरुगृहाहून परतेपर्यंत किंवा त्याचे बाल्य संपेपर्यंत, राजाने राखावे असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. ज्याच्यापाशी राखण्यासारखे काही आहे अशाच बालकाचा येथे विचार झाला असून, ज्याच्या वाट्याला काहीच आले नाही त्याच्याविषयी हा श्लोक मौन पाळतो.

कौटिल्याचे अर्थशास्त्र याच्या पुढे जाते. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात, नव्या वसाहती वसवण्याच्या प्रकरणात, अनाथ बालके, वृद्ध, रोगी आणि संकटग्रस्त यांचे भरणपोषण राजाने करावे, तसेच निराधार स्त्रीचे गर्भारपणी आणि पुढे तिच्या अपत्यांचेही करावे, असे विधान आहे. बालकाचे द्रव्य तो व्यवहाराला पात्र होईपर्यंत गावातील वृद्धांनी वाढवावे, असेही तेथेच म्हटले आहे. ऐपत असूनही अपत्ये, पत्नी, आईवडील किंवा अज्ञान भावंडे यांना न पोसणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. (पण हे त्या काळचे चांदीचे नाणे.) त्याहून लक्षणीय असा नियम प्रव्रज्येविषयी, म्हणजे गृहत्याग करून संन्यास घेण्याविषयी आहे: बायकामुलांच्या निर्वाहाची तजवीज न करता जो प्रव्रज्या घेईल त्यास पूर्वसाहसदंड, म्हणजे गंभीर अपराधांसाठीच्या तीन दंडांपैकी सर्वांत खालचा, करावा. मोक्ष हा चौथा पुरुषार्थ मानणाऱ्या समाजात मोक्षमार्गावर निघालेल्या माणसाला राजाने अडवून आधी घरच्यांच्या अन्नाचा हिशेब मागावा, हा विचार धाडसाचा आहे, आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

मराठी वाचकाला येथे विठ्ठलपंतांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंपरेने सांगितलेल्या कथेनुसार त्यांनी पत्नीला मागे ठेवून संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता यांना बहिष्कार सोसावा लागला. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर पोरकी झालेली ही भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली. देवगिरीला त्या वेळी यादवांचे समर्थ राज्य होते, तरीही या प्रचलित कथेत राजा कोठेच येत नाही. मुलांच्या शुद्धतेचा निर्णय धर्मसभेकडे होता, परंतु त्यांच्या अन्नवस्त्राचा भार नेमका कोणावर होता हे कथा विचारीतही नाही. ग्रंथातील राजधर्म आणि गावातील रूढी यांच्यातील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने पालकांच्या सत्तेचा उगमच त्यांच्या कर्तव्यात शोधला: अपत्य सांभाळण्याचे कर्तव्य आहे म्हणून त्याच्यावर अधिकार आहे, आणि सांभाळ सोडला की अधिकारही सुटतो. हे सूत्र पालकांना लागू असेल तर त्यांची जागा घेऊ पाहणाऱ्या राज्यालाही ते लागू केले पाहिजे. कुटुंब कोसळत असताना हात न देणारे राज्य, ते कोसळल्यानंतर मूल आपल्या ताब्यात घेण्याचा नैतिक अधिकार पूर्णपणे सांगू शकत नाही. अर्थात जेथे मुलाला मारहाण होते किंवा त्याचे शोषण होते तेथे हा युक्तिवाद लागू पडत नाही. तेथे विलंब हाच अपराध ठरतो. प्रश्न आहे तो केवळ दारिद्र्यामुळे मूल सांभाळता न येणाऱ्या घरांचा.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 39 मधील (च) खंड बालकांना निरोगी रीतीने वाढण्याची संधी मिळावी असे धोरण राज्याला सांगतो, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयामार्फत थेट बजावता येत नाही. बालन्याय अधिनियम 2015 हा मात्र बंधनकारक कायदा असून, संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आणि संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची, ही तत्त्वे तो तिसऱ्या कलमात नमूद करतो. त्याच्या अंमलबजावणीत बालकल्याण समितीला, म्हणजे अध्यक्ष व चार सदस्यांच्या जिल्हास्तरीय मंडळाला, दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. कलम 45 मधील प्रायोजकत्वाच्या, म्हणजे मूल घरीच राहावे यासाठी कुटुंबाला द्यावयाच्या साहाय्याच्या, निकषांत आई विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असणे, पालकांना जीवघेणा आजार असणे अशा परिस्थिती नोंदवल्या आहेत. निव्वळ गरिबी हा निकष तेथे स्वतंत्रपणे नोंदवलेला नाही.

याउलट कलम 35 अन्वये, आपल्या नियंत्रणाबाहेरच्या शारीरिक, भावनिक वा सामाजिक कारणांमुळे मूल सोडू इच्छिणारे पालक ते समितीच्या स्वाधीन करू शकतात, आणि चौकशी व समुपदेशनानंतर त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या काळात समिती मुलाला देखरेखीखाली पालकांकडेच राहू देऊ शकते, अन्यथा सहा वर्षांखालील मूल दत्तकसंस्थेत व त्याहून मोठे बालगृहात पाठवले जाते. फेरविचाराची ही मुदत आईच्या मनाला दिलेली आहे. तिच्या घरात या दोन महिन्यांत धान्य, भाडे किंवा काम यांपैकी काय बदलावे आणि ते कोणी बदलावे, याचे उत्तर त्या कलमात नाही.