सूर्यास्तापूर्वीची मजुरी

वाचन: अनुवाद 24:14, 15, याकोब 5:4



मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, असा नियम मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांस देण्यात आला. हा नियम आम्ही पुष्कळदा वाचतो, परंतु तो कोणत्या प्रकारचा आहे ह्याचा विचार करीत नाही. धन्याने दयाळू असावे, एवढाच हा उपदेश नव्हे. हा राष्ट्राचा कायदा होय, आणि त्यात मुदत घातलेली आहे. मजूर आपल्या लोकांपैकी असो की परदेशीय असो, त्याची भाकर धन्याच्या लहरीवर राहू नये म्हणून परमेश्वराने वेळ नेमून दिली. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याची मजुरी उद्यावर टाकणे म्हणजे त्यास आज उपाशी निजविणे होय. मजुरी, काम व कायदा ह्या सरकारी गोष्टींचे मंडळीत काय प्रयोजन, असे जे कित्येक बंधू विचारतात, त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

सरकारच्या एका हुकुमाने मजुराचे काय होते, हे आपल्या दख्खनने पाहिले आहे. 1876–77 च्या दुष्काळात लोक सरकारी कामांवर दगड-माती वाहून जगत होते. 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल ह्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या धोरणाने ती मजुरी उतरविण्यात आली: दिवसभर राबणाऱ्या पुरुषास एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य, व वर एक आणा, स्त्रियांस व मुलांस त्याहून कमी. मनुष्य एवढ्यावर जगू शकतो की नाही, हे जणू पाहावयाचे होते! मुंबई इलाख्यात हजारो मजूर, उपाशी असताही, कामे टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. परंतु दाद मागावी असा कायदा त्यांच्या हाती नव्हता. काम ही सरकारची कृपा होती, आणि कृपा करणारा तिचे माप कमी करू शकतो.

बरोबर शंभर वर्षांनी, 1977 साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला व तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. 1972 च्या दुष्काळातील खडी, सुकडी व तांबडा मिलो ज्यांना आठवतो अशी वृद्ध माणसे अजून आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांस ह्या कायद्याचे मोल सांगावयास नको. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी ही कल्पना पुढे आणली. ग्रामीण भागात जो अंगमेहनतीचे काम मागेल त्यास काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. त्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला, व मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये मराठवाड्यातील पाझर तलावाच्या भरावावर पाटी वाहणाऱ्या बाईच्या हाती पडू लागले. पुढे 1983 साली राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम घेणे ही घटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठ आहे, मग काम दुष्काळाचे का असेना. वेठ म्हणजे काय हे आपल्या आजे-पणज्यांस पुरते ठाऊक होते.

येथे एक कटू गोष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. आपल्यापैकी कित्येकांस देवाच्या कृपेने जमीन मिळाली, विहीर झाली, आणि आता तेच बंधू चावडीवर म्हणतात की सरकारी कामांनी मजूर माजले. हे खरे आहे काय? खरे इतकेच की, गावात ठरल्या दराचे दुसरे काम असले म्हणजे खुरपणीला येणारी बाई पडेल त्या मजुरीला नाही म्हणू शकते. तिला पूर्वी ते शक्य नव्हते. आमच्या मते ह्या कायद्यांचे खरे काम हेच आहे. रस्ते व तलाव मागाहून. कांद्याचा भाव कोसळतो तेव्हा शेतकऱ्याचीही कंबर मोडते, हे आम्ही जाणतो. परंतु ती तूट मजुराच्या टोपल्यातून भरून काढावी असे शास्त्रात कोठे आहे? याकोबाचे पत्र तर अडकवून ठेवलेली मजुरी ओरड करीत आहे असे म्हणते, आणि ती ओरड त्या शेतमालकांविरुद्ध आहे.

2005 साली संसदेने सर्व देशासाठी असा कायदा केला. त्यात प्रत्येक कुटुंबास वर्षात 100 दिवस काम व पंधरा दिवसांच्या आत मजुरी असे बंधन होते. डिसेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर झाला. त्यात दिवस 125 केले, परंतु ऐन पेरणी-कापणीच्या काळात एकूण साठ दिवस काम बंद ठेवण्याची तरतूदही घातली. शेतीला माणसे मिळावीत हा हेतू आम्हांस समजतो. तथापि मजुरीचा भाव ठरतो तो ह्याच दिवसांत, आणि नेमके तेव्हाच मजुराचे दुसरे दार लावले जाते, ह्याची आम्हांस चिंता वाटते.

पंधरा दिवसांची ती मुदतही पुष्कळदा पाळली गेली नाही. महिनोन् महिने मजुरी थकली, आणि तितके दिवस दुकानदाराची उधारी वाढत गेली. मोशेच्या कायद्यात सूर्य सर्वांस दिसत असे. येथे मुदत कागदावर मोजली जाते, आणि ज्याच्यापाशी कागद नाही त्याचा सूर्य मावळतच नाही. म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, रविवारी उपासना आटोपल्यावर अर्धा तास बसून, ज्यांस लिहिता येत नाही त्यांचे कामाच्या मागणीचे अर्ज आपण लिहून द्यावे. त्यांवर तारीख घालावी. अर्ज ग्रामपंचायतीत देताना दोघांतिघांनी बरोबर जावे, आणि तारखेसह पोच हाती आल्यावाचून परतू नये. हजेरीपटावर नाव व दिवस बरोबर आहेत की नाहीत, हे दर आठवड्यास वाचून दाखवावे. आणि ज्यांच्या शेतावर या आठवड्यात मजूर होते, त्यांनी त्यांचा हिशेब शनिवारी सायंकाळपर्यंत चुकता करून मग रविवारी उपासनेस यावे.