पाचारण आणि पोट

मराठी वर्तमानपत्रांत ‘पाचारण’ होते ते आग लागल्यावर अग्निशमन दलाला, नाहीतर दंगल उसळल्यावर राखीव पोलिसांना. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र हाच शब्द देवाच्या तोंडी घालतो. देव नाव घेऊन बोलावतो, काम सांगतो, माणूस घरदार सोडून उठतो, ते पाचारण.

गेल्या पावसाळ्यात इथे हैदराबादेत, सुलतान बाजारातल्या एका सभागृहात, आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी या शब्दाची तासभर हजेरी घेतली. निमंत्रणपत्रिकेवर विषय होता धर्मांतर आणि खाली बारीक अक्षरांत ‘व्याख्यानानंतर अल्पोपाहार’. त्यांचा सिद्धान्त असा : ख्रिस्ती इतिहासात देवाची हाक कुठे नाहीच, सगळी पोटाची हाक. वरच्यांनी पदासाठी ऐकली, खालच्यांनी भाकरीसाठी. टाळ्या पडल्या. मी तिथे काही बोललो नाही. उपमा खाल्ला आणि काचीगुड्याला घरी आलो. हा लेख त्या उपम्याची परतफेड.

स्नेह्यांच्या मनातले चित्र असे दिसते, की हाक आली की माणूस आनंदाने धावत सुटतो. बायबल चाळले असते तर त्यांची निराशा झाली असती. मोशे म्हणतो, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. यिर्मया म्हणतो, मी अजून पोर आहे. योना तर सरळ उलट्या दिशेच्या गलबतात बसतो. आमच्या पुंडलिकाने देवालाच विटेवर उभे करून ठेवले. बायबलात मात्र देव हात धुऊन माणसाच्या मागे लागतो आणि माणूस सबबी सांगतो.

पुढच्या इतिहासातही ‘मला आतून वाटले’ एवढ्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. 374 साली मिलानमध्ये बिशप निवडायचा होता. अँब्रोज हा तिथला सुभेदार. भांडण आवरायला गेला आणि जमावाने त्याचेच नाव पुकारले. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. त्याने पळ काढून पाहिला, उपयोग झाला नाही. 391 साली हिप्पो गावात ऑगस्टीन प्रार्थनेला बसला असता लोकांनी त्याला धरून पुढे नेले आणि धर्मगुरू करून टाकले. तो रडू लागला. बघ्यांनी समजूत घातली, की बिशपपद नाही मिळाले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस! म्हणजे पदलोभाचा संशय आमच्या स्नेह्यांचा शोध नव्हे, सोळाशे वर्षांचा जुना आहे. ल्यूथर 1505 साली विजेच्या कडकडाटात घाबरून संन्यास बोलून बसला आणि पुढे चांभाराचे कामही देवानेच सोपवलेले असते असे सांगू लागला. त्यातून मॅक्स वेबरने भांडवलशाही काढून दाखवली. वेबर सगळ्यांनी वाचलेला असतो, निदान उल्लेखिलेला तरी. त्याला इथेच सोडतो.

मला बोलायचे आहे ते आपल्या माणसाबद्दल, नारायण शेषाद्रींबद्दल. निजामाच्या मराठी मुलखाशी या माणसाचे नाव कायमचे जोडले गेले आणि आपण हैदराबादी मराठी मंडळींनी ते विसरूनही टाकले. ब्राह्मणाचा मुलगा, मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला, 1843 साली ख्रिस्ती झाला. धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही त्याच्यामागून मिशनऱ्यांकडे गेला. वडील कोर्टात गेले. न्यायाधीशापुढे प्रश्न आला, की एवढ्या पोराला स्वतःचे बरेवाईट कळते का? कोर्टाने नाही म्हटले आणि श्रीपतला वडिलांच्या हवाली केले. मग दुसरे प्रकरण उभे राहिले. मुलगा मिशनऱ्यांकडे राहिलेला, त्यांचे अन्नपाणी घेतलेले. त्याला जातीत परत घ्यायचे कसे? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या प्रायश्चित्तासाठी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. देवाने बोलावले, कोर्टाने परत पाठवले, जातीने दारात अडवले. बारा वर्षांच्या मुलाने या तिघांपैकी कुणाचे ऐकायचे होते?

थोरल्याला 1854 साली पाळकाची दीक्षा मिळाली. पुढे तो निजामाच्या राज्यात, जालन्याला गेला. तिथे त्याने मुख्यतः मांग कुटुंबांत काम केले आणि सर सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे गाव वसवले. मुसलमान राज्याचा दिवाण जमीन देतो, ब्राह्मणाचा मुलगा मांगांसाठी गाव वसवतो आणि त्या गावाला हिब्रू नाव पडते. 1873 साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेतही हा माणूस बोलून आला.

इथवर लिहून मी खूश होतो. शेषाद्रींच्या जोडीला नीळकंठशास्त्री गोरे, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक यांची रांग लावायची आणि स्नेह्यांना विचारायचे, की यांना कुठली भाकरी मिळाली? घर गेले, जात गेली. टिळकांची बायकोच काही वर्षे दुरावली. ज्याने एवढे गमावले त्याची हाक खरीच असणार!

मग लक्षात आले, की मी स्नेह्यांच्याच तराजूत माप घालतो आहे. गमावणे हाच हाकेचा पुरावा धरला, तर ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही नाही त्याची हाक कायमचीच खोटी ठरते. शेषाद्रींचे पाचारण खरे आणि बेथेलमध्ये जमीन मिळालेल्या मांगाचे खोटे? म्हणजे देवाची हाकसुद्धा शेंडी पाहूनच येते म्हणायचे. हा लेख मी ज्या आवेशात सुरू केला होता तो इथे थोडा ओसरला, हे कबूल केले पाहिजे.

पुन्हा मोशेकडे जाऊ. त्याला झुडपातून हाक येते तेव्हा देव अध्यात्म सांगत नाही. विटा थापणाऱ्या गुलामांचे ओरडणे मी ऐकले आहे, त्यांना दुधामधाच्या देशात नेतो, असे सांगतो. म्हणजे एवढ्या मोठ्या पाचारणात मजुरीचा प्रश्न आहे, जमिनीचा वायदा आहे. कर्नाटकाने 2022 साली धर्मांतरावर कायदा केला. त्यात प्रलोभनाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतले मोफत शिक्षण आले, अधिक चांगले राहणीमान आले, देवाच्या कोपाची भीतीही आली. या कलमाखाली मोशे आत जातो, आणि माशाच्या पोटात घालून वळवलेल्या योनामुळे खुद्द देवही.

आणि पोटाचा हिशेब मिशनऱ्यांना कळत नव्हता असेही नाही. तेलुगू मुलखात ओंगोलला जॉन क्लाउ नावाचा अमेरिकन बाप्टिस्ट होता. 1876 ते 78च्या दुष्काळात त्याने बकिंगहॅम कालव्याचे खोदकाम कंत्राटाने घेतले, हजारोंना मजुरी दिली आणि तेवढा काळ बाप्तिस्मे बंद ठेवले. लोकांनी भाकरीसाठी येऊ नये म्हणून. दुष्काळ सरला तरी लोक आलेच. 3 जुलै 1878 या एका दिवशी 2,222 जणांचे बाप्तिस्मे झाले. त्या चळवळीचे मूळ कुणा गोऱ्या प्रचारकाच्या भाषणात नव्हते. येर्रगुंटला पेरय्या हा कातड्याचा व्यापार करणारा, मादिगा या दलित जातीतला माणूस 1866 साली आपणहून बाप्तिस्म्यासाठी आला आणि गावोगाव आपल्या माणसांना सांगत फिरला. हाक एका मादिगाने दुसऱ्या मादिगाला दिली. स्नेह्यांच्या सिद्धान्तात हा पेरय्या कुठे बसतो? बसत नाही, कारण त्या सिद्धान्तात गरीब माणूस फक्त घेतो. ऐकत नाही, बोलत तर नाहीच.

लांब कशाला, गनफाउंड्रीला जाऊन यावे. तिथल्या सेंट जोसेफ कॅथीड्रलचे आर्चबिशप अँथनी पूला यांना 27 ऑगस्ट 2022 रोजी कार्डिनल केले गेले. कॅथलिक चर्चच्या इतिहासातले पहिले दलित कार्डिनल. 2025च्या मे महिन्यात पोप निवडायला बसलेल्यांत तेही होते. कर्नूलकडच्या या मुलाची शाळा गरिबीपायी सुटली होती आणि मिशनऱ्यांच्या मदतीने ती पुन्हा सुरू झाली. आता यात शाळेची फी कुठे संपते आणि पाचारण कुठे सुरू होते, हे कुणी रेघ मारून दाखवावे. मला ती रेघ सापडली नाही. चर्चने दलितांना वेगळे बाक आणि वेगळी स्मशाने दिली, तीही याच देशात. तेव्हा त्या हाकेत किती देव होता हे चर्चलाही विचारायला हवे. पण तो प्रश्न स्नेह्यांनी विचारलाच नाही.

लेखाचा कच्चा खर्डा मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, उत्तर द्यायचे तर त्याच सभागृहात द्या, मी अध्यक्ष होतो. तारीख ठरली आहे, पत्रिका छापायला गेली आहे. चिटणीसांनी फोन करून विचारले, मागच्या वेळी अल्पोपाहाराची ओळ टाकली होती, ती तुमच्या विषयाला शोभत नसेल तर काढू का? म्हटले, राहू द्या. आणि अक्षर जरा मोठे घ्या.